रस्त्यावर दिसणारे ते सैनिक कमांडो नसतात

दहशतवादी हल्ल्याचा धोका वाढला की विशेष दलांचे कमांडो शहरभर गस्त घालतात, हा समज चुकीचा आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०१५ पासून रस्त्यांवर उतरलेले सुमारे १०,००० जवान नेहमीच्या लष्करी तुकड्यांमधले होते. मे २०१७ मधल्या मँचेस्टर हल्ल्यानंतर ब्रिटनने सैनिक बोलावले तेही पोलिसांच्या हाताखाली, पहाऱ्यावरचे सशस्त्र पोलीस मोकळे व्हावेत म्हणून.

कमांडोंचं काम ओलिसांना सोडवण्याचं. त्याला अखंड सराव लागतो. त्यांना चौकात उभं केलं तर तो सरावच बुडतो. शिवाय आधी पोहोचतो तो जवळचा पोलीस. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या बाताक्लाँ सभागृहात पहिला हल्लेखोर टिपला, तो विशेष पथक येण्यापूर्वीच आत शिरलेल्या पोलीस अधिकाऱ्याने, साध्या पिस्तुलाने.