‘विकले गेले’ : चुंबावांबाच्या कराराची पार्श्वभूमी

चुंबावांबा या ब्रिटिश अराजकवादी पंक बँडने, म्हणजे सरकार आणि बड्या कंपन्यांविरुद्ध गाणाऱ्या बंडखोर रॉक बँडने, १९९७ मध्ये ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि जुने चाहते एका सुरात म्हणाले, विकले गेले. या बँडवर आजही भांडण होतं ते याच दोन शब्दांवरून, आणि बहुतेक वेळा अर्ध्याच माहितीवर.

सुरुवातीची वर्षं थोडक्यात. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्नलीत जमलेला हा पोरापोरींचा गट लीड्सच्या आर्मली भागात एका रिकाम्या पडलेल्या घरात शिरून राहू लागला. चूल एक, पैसा सामाईक. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात त्यांनी मदतनिधीसाठी कार्यक्रम केले. १९८६ मध्ये पहिला अल्बम स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीतून, काढला. भुकेल्या मुलांच्या फोटोंवर रेकॉर्डी खपतात, असं त्याचं नावच सांगत होतं आणि रोख होता आदल्या वर्षीच्या लाइव्ह एडवर, दुष्काळग्रस्तांसाठी बड्या गायकांनी केलेल्या मदत-कार्यक्रमावर.

आता ईएमआय. जुन्या रेकॉर्डींवरचा कर्णा आणि कुत्रा आपल्या घरांतही होता, तेच हे घराणं. पण ब्रिटिश अराजकवादी पंकांना त्या नावाचा राग होता तो संगीतामुळे नव्हे. १९७९ च्या अखेरीस थॉर्न या विजेच्या उपकरणांच्या कंपनीने ईएमआय विकत घेतली, आणि थॉर्न-ईएमआय लष्करासाठी रडार आणि क्षेपणास्त्रांचे भागही बनवत असे. गाण्यांचा आणि शस्त्रांचा नफा एकाच तिजोरीत जात होता. म्हणून १९८९ मध्ये ईएमआयला नावानिशी शिवी देणारा एक संग्रह निघाला, आणि त्यात चुंबावांबाचंही गाणं होतं. आठ वर्षांनी त्याच कंपनीच्या जर्मन शाखेच्या कागदावर यांची सही! राग यायला कारण होतंच. १९९८ मध्ये इतर पंक बँडांनी मिळून त्यांच्याविरुद्ध ईपी (थोड्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली, आणि तिचं नाव यांच्याच पहिल्या अल्बमच्या नावावर बेतलं : निर्लज्ज ढोंगावर रेकॉर्डी खपतात.

मधल्या काळात काय घडलं होतं हे मात्र या भांडणात कोणी सांगत नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये थॉर्न आणि ईएमआय वेगळ्या झाल्या. शस्त्रधंद्याशी नातं उरलेलं नाही, असं बँडने करारानंतर सांगितलं ते याच आधारावर. मला हे उत्तर खरं वाटतं, पण पुरेसं वाटत नाही. त्यांचं दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे : छोटं लेबलही शेवटी नफ्यावरच चालतं, तिथे राहिल्याने कोणी शुद्ध होत नाही. हे ते अनुभवातून बोलत होते. त्याआधीची काही वर्षं ते ज्या लेबलवर होते, ते जुन्या अराजकवादी पंकांनीच उभं केलेलं होतं.

करारानंतरचं ‘टबथंपिंग’ हे गाणं लोकप्रियतेच्या यादीत ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत पहिल्या दहांत. पडलो तरी पुन्हा उठतो, एवढंच ते सांगतं. आलेला पैसा सगळ्यांत सारखा वाटला गेला.

त्याच वेळी लिव्हरपूलच्या गोदीत लढा चालू होता. सप्टेंबर १९९५ मध्ये काही तरुण कामगारांना काढून टाकलं. फाटकावर उभ्या राहिलेल्या त्या पोरांना ओलांडून कामावर जायला बाकीच्यांनी नकार दिला, म्हणून सुमारे ५०० गोदी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कायद्याच्या धाकाने त्यांच्या युनियनने संपाला अधिकृत मान्यता दिली नाही. मे १९९७ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. बंदर कंपनीत सरकारचाच हिस्सा होता, त्यामुळे आशा होती. ती फोल ठरली. जानेवारी १९९८ मध्ये, २८ महिन्यांनी, लढा संपला.

पुढच्याच महिन्यात, ९ फेब्रुवारीला, लंडनमध्ये ब्रिट या संगीत पुरस्कारांचा सोहळा झाला. चुंबावांबाने तिथे ‘टबथंपिंग’ गायलं, पण शब्द फिरवून : नव्या मजूर पक्षाने गोदी कामगारांना विकलं, उद्या आपल्या सगळ्यांनाही विकेल. मग बँडमधल्या एकाने उपपंतप्रधानांच्या टेबलाशी जाऊन त्यांच्या अंगावर बर्फाच्या पाण्याची बादली रिकामी केली. हे उपपंतप्रधान स्वतः एके काळी जहाजावर वाढपी होते आणि खलाशांच्या युनियनमधून वर आले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बादलीच गाजली. माझ्या मते मोठी गोष्ट होती ती बदललेली ओळ. ज्यांना वर्षभर ‘विकले गेले’ म्हणून हिणवलं, त्यांनी तोच शब्द देशासमोर सत्ताधाऱ्यांच्या तोंडावर फेकला, आणि तो मंच त्यांना त्या कराराशिवाय मिळालाच नसता.

नंतरची वर्षंही या वादात धरायला हवीत. २००२ मध्ये जनरल मोटर्सने जाहिरातीसाठी त्यांचं एक गाणं घेतलं. ते पैसे बँडने बड्या कंपन्यांविरुद्ध काम करणाऱ्या दोन संस्थांना दिले, आणि त्या संस्थांनी ते जनरल मोटर्सविरुद्धच्याच मोहिमेत वापरले. पुढे विजेची वाद्यं बाजूला ठेवून बँड लोकसंगीताकडे वळला आणि ३१ ऑक्टोबर २०१२ ला लीड्समध्येच थांबला.

एक देणं तेवढं राहिलं होतं. खाणकामगारांचा संप मोडणाऱ्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या मृत्यूनंतरच पाठवायची, अशा बोलीवर एका ईपीचे पैसे ते २००५ पासून आगाऊ घेत होते. एप्रिल २०१३ मध्ये ती बातमी आली. बँड तेव्हा अस्तित्वात नव्हता, तरी ईपी निघाली.