‘असा पार्ट कुणाकडेच नाही’ म्हणजे पेटंट पक्कं?

वाळूज, चिकलठाण्याच्या वर्कशॉपांत हा समज जुनाच आहे: आपल्यासारखा पार्ट बाजारात नसला की पेटंट मिळालंच म्हणून समजा. तसं नसतं. नवेपणा ही पहिली पायरी. गाडी अडते ती पुढच्या पायरीवर.

बंदुकीच्या नळीच्या तोंडावर झटपट बसणारी जोडणी घ्या. आटे फिरवत बसायचं नाही. उपकरण सरकवायचं, जरा पिळायचं, खिट्टी अडकली की झालं. अर्ज तपासणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाला एका जुन्या पेटंटात निमुळती बैठक सापडते, दुसऱ्यात उलटं न फिरणारी दातेरी कडी. दोन्ही एकत्र असलेली वस्तू जगात नसेलही. पण त्या कामातल्या जाणकाराला ही जोडी सहज सुचली असती, असं दिसलं तर आक्षेप येतोच. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ तर स्पष्टच सांगतं: माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी केली आणि प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नव्हे.

मग काय दाखवायचं? दोन्ही एकत्र आल्याने घडलेला नवा परिणाम. समजा, नळी तापली तरी खिट्टी ढिली पडत नाही, काजळी धरली तरी चिकटत नाही. हे मूळ अर्जातच हवं. नंतर घुसडता येत नाही. (स्वस्तात अर्ज लिहून घेणारे इथेच मार खातात.)

परीक्षणही आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो. आणि मंजुरीआधीच डब्यावर ‘पेटंटेड’ छापलं, तर दंड होऊ शकतो.