संरक्षित स्मारकाजवळच्या घराची दुरुस्ती: ना हरकत दाखल्याचा अर्ज नेमका कुठे अडकतो

पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपासच्या पेठांत पावसाळा जवळ आला की एकच प्रश्न ऐकू येतो: “भिंत फुगलीये, काम काढू का?” काढा, पण ना हरकत दाखला हातात आल्यावरच. दाखल्याशिवाय बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आधी स्मारक कुणाच्या यादीत आहे ते बघा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती पहिले १०० मीटर प्रतिबंधित, म्हणजे नवं बांधकाम बंद. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम. राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा आणि महापालिकेची वारसा यादी आणखी वेगळी. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नाही, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. घरी टेप लावून “आम्ही एकशेदहा मीटरवर आहोत” म्हणणारे इथेच फसतात.

स्मारक केंद्राच्या यादीतलं असेल तर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन करायचा. नकाशे, सगळ्या बाजूंचे फोटो, मालकीचा कागद जोडायचा. उंची लिहिताना गच्चीवरची पाण्याची टाकीही धरायची. एवढं बहुतेकांना जमतं.

घोडं अडतं ते १६ जून १९९२ या तारखेवर. प्रतिबंधित क्षेत्रात दुरुस्तीची परवानगी मिळते ती या तारखेआधी उभ्या असलेल्या, किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेल्या इमारतीलाच. लोक मिळकत पत्रिका जोडतात आणि निर्धास्त होतात. पण जमीन कुणाची ते पत्रिकेवरून कळतं, तिच्यावरचं घर कधीचं ते नाही. महापालिकेचा जुना करआकारणी उतारा, जुना मंजूर नकाशा, विजेचं जुनं बिल असं काहीतरी शोधाच. एका आजींच्या ट्रंकेत पोथीच्या फडक्यात गुंडाळलेलं १९८८ चं बिल निघालं. घडीवर फाटलेलं, पण तारीख स्वच्छ. त्यांची माजघराची भिंत तोवर दोन पावसाळे बांबूच्या टेकूवर उभी होती.

दुसरी अडचण भाडेकरूंची. नियंत्रित क्षेत्रात ज्याचा ताबा आहे तोही अर्ज करू शकतो. प्रतिबंधित क्षेत्रात फक्त मालक. पेठेतल्या वाड्यात सात बिऱ्हाडं राहतात आणि मालकांची पुढची पिढी तीन गावांत पांगलेली असते, तिथे छप्पर गळतं भाडेकरूच्या डोक्यावर आणि सही लागते न भेटणाऱ्या वारसाची. हा कायदा लिहिताना वाड्यात राहणाऱ्या माणसाचा विचार कुणी केला नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

शब्द जपून वापरा. १०० मीटरच्या आत दुरुस्ती आणि नूतनीकरणच मागता येतं. अर्जात “पुनर्बांधणी” लिहिलंत की नकार ठरलेला. आणि कळकळीने सांगतो, महापालिकेची धोकादायक बांधकामाची नोटीस आली म्हणून घाबरून अख्खा वाडा उतरवू नका. एकदा जमीनदोस्त झाला की दुरुस्त करायला काही उरत नाही, आणि १०० मीटरच्या आत नवं बांधायची परवानगी या कायद्यात नाही. नोटिशीला लेखी उत्तर द्या, टेकू लावा, दुरुस्तीचा अर्ज लगेच करा आणि नोटिशीची प्रत त्याला जोडा.

मुदतीचाही घोळ होतो. प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण या केंद्रीय संस्थेकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची, त्यानंतर महिन्याभरात निर्णय. म्हणजे साडेतीन महिने. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून काहीजण गवंडी बोलावतात. तसं मुळीच नाही. मुदत सरकारने चुकवली तरी गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो.

“कायदा बदलतोय, थांबू या” म्हणणारेही भेटतात. थांबू नका. १०० आणि २०० मीटरची आखणी १९९२ च्या अधिसूचनेतली, २०१० च्या कायदादुरुस्तीने ती थेट केंद्राच्या कायद्यात आली. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपनियम करायचं तेव्हाच ठरलं. बहुतेक स्मारकांचे अजून झालेले नाहीत. २०१७ चं कायदादुरुस्तीचं विधेयक लोकसभेने २ जानेवारी २०१८ ला मंजूर केलं, राज्यसभेत ते अडकलं आणि कायदा झालाच नाही. शिवाय ते केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांसाठी होतं, तुमच्या माजघरासाठी नव्हतं. २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही या सरसकट मर्यादांमुळे लोकांचे हाल होतात हे मान्य करून फेरविचार करायला सांगितलं. पण शिफारशीने छप्पर शाकारून होत नाही.

तेव्हा दिवाळी झाली की अर्ज टाका. मध्ये एखादी त्रुटी निघाली तरी शिमग्यापर्यंत उत्तर यायला वाव राहतो आणि पावसाआधी गिलावा वाळतो. अर्ज क्रमांक आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत उलटली की लेखी चौकशी करा, नुसता फोन नको, आणि तिची पोच घ्या.