शिवराई

मराठी अमलातील तांब्याचे नाणे. दर्शनी बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात ‘श्री / राजा / शिव’ अशा तीन ओळी व मागील बाजूस ‘छत्र / पति’ अशा दोन ओळी नागरी लिपीत असतात. राजाची प्रतिमा नसते. आदिलशाही व मोगलांच्या नेहमीच्या नाण्यांप्रमाणे येथेही राजाची ओळख अक्षरांतूनच होते, फरक लिपीचा. फार्सी लेखांची रूढी मोडून नागरी स्वीकारणे हे राज्यव्यवहारकोश (राज्यकारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश) तयार करवून घेण्याच्या धोरणाशी सुसंगत आहे. अर्धी शिवराई आणि दुप्पट मोलाचा ढब्बू ही याच कुळातील नाणी.

शिवराई प्रथम केव्हा पाडली गेली, याविषयी मतभेद आहेत. शहाजीराजांच्या निधनानंतर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ‘राजा’ ही पदवी धारण करून आपल्या नावाची नाणी पाडली, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहिले आहे आणि नंतरच्या काहींनी तेच उचलले. याउलट, ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास नाणी सुरू झाली, असे दुसरे मत आहे. ‘राजा’ ही पदवी आधीची असू शकेल, हे मान्य केले तरी ‘छत्रपति’ हे बिरुद राज्याभिषेकाशी निगडित आहे, आणि दोन्ही लेख एकाच नाण्याच्या दोन बाजूंवर येतात. त्यामुळे आज ज्ञात असलेल्या स्वरूपाची शिवराई १६७४ पूर्वीची मानणे कठीण दिसते. राज्याभिषेकाशी जोडला जाणारा सोन्याचा होनही याच लेखाचा असून त्याचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. तो फार दुर्मिळ आहे. बाजारात दिसणारे बहुतेक होन अलीकडच्या घडणीचे असतात.

खरी अडचण पुढील काळाची आहे. महाराजांच्या पश्चातही हाच लेख चालू राहिला. संभाजी महाराजांच्या काळी ‘श्री राजा शंभु’ असा लेख येतो, पण अशी नाणी विरळा. पेशवाईत खासगी टांकसाळींतूनही ‘राजा शिव’ हाच ठसा उमटत राहिला. म्हणून नाण्यावर ‘शिव’ आहे एवढ्यावरून ते शिवकालीन ठरत नाही; हाती येणाऱ्या शिवराईंपैकी बहुसंख्य उत्तरकालीनच समजाव्यात. कालनिर्णयासाठी वजन, अक्षरांचे वळण व चिन्हे पाहिली जातात. आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या नाण्यांचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम असते, नंतरची हलकी होत गेली. ‘शिव’ऐवजी ‘सिव’ किंवा ‘शीव’ अशी रूपेही भेटतात. शुद्धलेखन हा मात्र काळाचा भरवशाचा निकष नव्हे, कारण ठसे कोरणारे अनेक होते. शिवाय ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने निम्मी अक्षरे कडेबाहेर जातात आणि वाचन अंदाजावर येते. सूर्य, चंद्र, त्रिशूळ, बेलपान ही चिन्हे टांकसाळींची खूण असावीत. कोणती कोणाची, हे मोजक्याच बाबतींत सांगता येते.

दुदांडी शिवराई हा शेवटचा प्रमुख प्रकार. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेषा असतात, त्यावरून हे नाव. काहींवर फसली (महसुली कालगणनेचे) साल आढळते. ते १८२०–३० च्या दशकांत येते, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरही इंग्रजी अमलात हे नाणे पाडले जात होते.

चांदीत चित्र वेगळे आहे. अंकुशी रुपयासारख्या मराठी टांकसाळींच्या रुपयांवर लेख मोगल बादशहाच्या नावाचा, आणि मराठी ओळख पटते ती अंकुशाच्या लहानशा खुणेवरून. सराफी व्यवहारात परिचित रुपयाच चालत असल्याने असे झाले असावे. महाराजांच्या नावाच्या चांदीच्या नाण्यांविषयी एकमत नाही.

१९९९ मध्ये भारत सरकारने शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ काढलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर मात्र त्यांची प्रतिमा आहे.