मेगावॅट बातमीत, युनिट बिलात

जुलै 2025मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा (सौर, पवन, जल, अणू वगैरे) वाटा निम्मा झाला, तोही 2030च्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. आकडा खरा आहे. सुमारे 484 गिगावॅटपैकी 242 गिगावॅट (1 गिगावॅट म्हणजे 1,000 मेगावॅट). पण अशी बातमी व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत 'देशाची निम्मी वीज आता हरित' अशी होते, आणि ते साफ चूक. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत हा वाटा पाव हिश्श्याच्याच आसपास आहे. बाकीची बहुतेक सगळी कोळशावरची.

महावितरणचं बिल हातात घेतलं तर फरक तिथेच दिसतो. 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये असतो, वापर युनिटमध्ये. एका वेळी किती वीज ओढता येईल हा पहिला आकडा, महिनाभरात किती ओढली हा दुसरा. 1 किलोवॅट तासभर चालला की 1 युनिट, आणि 1 मेगावॅट म्हणजे 1,000 किलोवॅट. वीज तयार करणाऱ्यांचंही तसंच. 1 मेगावॅटचा प्रकल्प वर्षाचे 8,760 तास पूर्ण ताकदीनं चालला तर 87 लाख 60 हजार युनिटं देईल. सौर प्रकल्पाला रात्र आहे, ढग आहेत, पॅनलवर बसणारी धूळ आहे. क्षमतेच्या 20 टक्के निर्मिती धरली तर हाती येतात साडेसतरा लाख. कोळशाचा संच 70 टक्क्यांनी चालला तर 61 लाख. म्हणजे कोळशाच्या एका मेगावॅटची युनिटं भरून काढायला सौरचे साडेतीन मेगावॅट लागतात, आणि तरी रात्रीचा प्रश्न उरतोच.

जगाचंही गणित असंच. 2024 अखेर एकूण वीजक्षमतेत अक्षय ऊर्जेचा वाटा 46 टक्के होता, त्या वर्षीच्या निर्मितीत मात्र 32 टक्के. 2023च्या दुबई हवामान परिषदेत अक्षय ऊर्जा तिप्पट करायचं ठरलं तेही क्षमतेबद्दल, 2030पर्यंत 11,000 गिगावॅट.

मेगावॅटच्या मानानं युनिटं कमी म्हणजे प्रकल्प फसला, असं मात्र नाही. कोयना बघा. क्षमता 1,960 मेगावॅट, पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली. सगळे संच चोवीस तास चालवायचे म्हटलं तर पाणी वर्षभर पुरणारच नाही. त्याची गरजही नाही. मागणी चढली की काही मिनिटांत संच सुरू करता येतात, हीच कोयनेची किंमत.

सरकारी धोरणांत हा फरक थेट पैशाला भिडतो. आपल्याकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या बऱ्याचशा घसाऱ्याच्या सवलतीवर. उद्योजकानं चक्की उभारली की पहिल्याच वर्षी गुंतवणुकीचा मोठा भाग नफ्यातून वजा, कर वाचला. चक्की किती फिरली हे त्या हिशेबात येतच नव्हतं. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यात पाती उभी राहिली ती याच काळात. डिसेंबर 2009मध्ये केंद्रानं दुसरा पर्याय दिला: घसाऱ्याचा लाभ सोडा, ग्रिडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे घ्या. मला हा जास्त शहाणपणाचा वाटतो. पण 2012मध्ये दोन्ही सवलती थांबल्या आणि वर्षभरात बसणारी पवनक्षमता सुमारे 3,200 मेगावॅटवरून 1,700वर आली. जर्मनीनं 2000च्या कायद्यात सुरुवातीपासूनच युनिटला भाव दिला, वीस वर्षांच्या हमीनं. चीननं चक्क्या झपाट्यानं उभारल्या, वीज वाहून नेणाऱ्या तारा मागे राहिल्या. 2016मध्ये गान्सू प्रांतात तयार होऊ शकणारी 43 टक्के पवनवीज घ्यायला कुणी नव्हतं.

घराच्या छतावर आज पुन्हा किलोवॅटच मोजले जातात. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. पॅनलवर दुपारभर पाण्याच्या टाकीची सावली पडली म्हणून ते कमी होत नाही, कमी होतात ती युनिटं. म्हणून बसवणाऱ्याकडून कोटेशन घेताना किलोवॅटच्या शेजारी महिन्याची अपेक्षित युनिटंही लिहून मागावीत. महाराष्ट्रात नीट बसवलेल्या 3 किलोवॅटच्या संचानं सरासरी दिवसाला 12च्या आसपास द्यायला हवीत. उन्हाळ्यात थोडी जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी.