लेवीचा वंश आणि वाय गुणसूत्राची साक्ष

प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत काही थडग्यांवर दोन उघडे तळहात कोरलेले आहेत, तर काहींवर पाण्याची झारी. तळहात असतील तर तो माणूस कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. झारी असेल तर तो लेवी. कोहेन आशीर्वादासाठी हात उचलतो आणि त्याआधी त्याच्या हातांवर पाणी घालायचा मान लेव्याचा.

बायबलच्या हिशेबाने दोघेही एकाच मुळाचे. इस्राएलचे बारा वंश याकोबाच्या बारा मुलांचे, त्या मुलांपैकी लेवी तिसरा. कनान देशात बाकीच्या वंशांना जमिनी वाटून मिळाल्या, लेवीच्या वंशाला मात्र ४८ गावं आणि देवाची चाकरी. मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन याच वंशातले. अहरोनाची संतती ती कोहेन, उरलेले नुसते लेवी. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अ‍ॅसिरियाने उत्तरेचं इस्राएल राज्य बुडवलं आणि परंपरेप्रमाणे तिथले दहा वंश हरवले. लेवी आधीच सगळीकडे पांगलेले होते, म्हणून दक्षिणेत राहिलेले वाचले. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि पुरोहितांचं कामच गेलं. ओळख मात्र गेली नाही. आजही सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला पहिल्यांदा कोहेनाला बोलावतात, मग लेव्याला, मग इतरांना.

पुरोहितांचा आशीर्वाद किती जुना आहे, याचा पुरावा हाती आहे. १९७९ मध्ये जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथल्या कबरींत गाब्रिएल बारकाय यांच्या चमूला चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या. त्या न मोडता उलगडायला तज्ज्ञांना काही वर्षं लागली. आत तोच आशीर्वाद कोरलेला निघाला. इ. स. पूर्व ६०० च्या आसपासच्या या गुंडाळ्या म्हणजे बायबलमधल्या मजकुराचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना.

मजकूर जुना हे ठरलं. पण माणसं? ज्यू असणं आईकडून येतं, कोहेन किंवा लेवी असणं मात्र बापाकडून, आपल्याकडच्या गोत्रासारखं. आणि पेशीत एक गुणसूत्र नेमकं असंच चालतं. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं आणि त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा पुढे जातो. मधूनच एखादा बारीक बदल होतो आणि तो पुढच्या सगळ्या वंशजांत खूण म्हणून राहतो. इस्रायलमधले मूत्रपिंडतज्ज्ञ कार्ल स्कोरेकी स्वतः युरोपीय वंशाचे कोहेन. सिनेगॉगमध्ये उत्तर आफ्रिकेच्या वळणाचा एक कोहेन तोरा वाचायला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या मनात आलं: आम्ही दोघं खरंच एका बापाचे असू, तर आमचं वाय गुणसूत्र जुळायला हवं.

त्यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या मायकेल हॅमर यांना गाठलं. १९९७ आणि १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. खुणांचा एक ठरावीक संच जवळपास निम्म्या कोहेनांत सापडला, युरोपीय आणि सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे) अशा दोन्ही गटांत. सामान्य ज्यूंत तो आठांपैकी एकाकडे होता. सामाईक पूर्वज १०६ पिढ्यांमागचा असावा असा अंदाज निघाला, म्हणजे सुमारे २६५० ते ३१८० वर्षं.

निम्मेच कसे, असं वाटेल. पण साधा हिशेब करून पाहा. दर पिढीत शंभरातला एक मुलगा जरी दुसऱ्याच पित्याचा निघाला, तरी १०६ पिढ्यांनंतर मूळ वाय गुणसूत्र जेमतेम ३५ टक्क्यांत उरतं. शंभरातले पाच निघाले, तर अर्ध्या टक्क्यातही नाही. तेव्हा निम्मे म्हणजे फारच झाले.

वर्तमानपत्रांनी लगेच ‘अहरोनाचा जीन’ असा गाजावाजा केला. तो उथळ होता. पहिला संच अवघ्या सहा खुणांचा, आणि तेवढा तर मध्यपूर्वेतल्या आणि इटलीतल्या ज्यू नसलेल्या पुरुषांतही आढळतो. स्वतःचं मूळ ज्यू असल्याचं सांगणाऱ्या, दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेतल्या लेम्बा लोकांच्या बुबा कुळात तो निम्म्याजणांत मिळाल्यावर तर हरवलेला वंश सापडल्याच्या बातम्या झाल्या. पुढे जास्त खुणा घेऊन तपासलं, तेव्हा लेम्बांचं कोहेनांशी असलेलं ते साम्य टिकलं नाही. कोहेनांचं आपसातलं साम्य मात्र २००९ च्या मोठ्या अभ्यासातही टिकलं. त्यासोबत हेही दिसलं, की कोहेनांत एकाहून अधिक पितृवंश आहेत.

खरी गंमत लेव्यांची. परंपरा खरी धरली तर त्यांचं वाय गुणसूत्र कोहेनांशी जुळायला हवं. युरोपीय लेव्यांत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वाय गुणसूत्राची शाखा निघाली आर-वन-ए, कोहेनांची मुख्य शाखा जे. या दोन शाखांचा सामाईक पूर्वज चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, म्हणजे याकोबाच्या किती तरी आधीचा! २००३ मध्ये संशोधकांना वाटलं, हा पूर्व युरोपातला कोणी तरी घुसलेला असणार. २०१३ च्या अभ्यासात मात्र लेव्यांची ती उपशाखा मध्यपूर्वेतलीच असल्याचं दिसलं. परके नव्हेत, पण कोहेनांचे भाऊबंदही नव्हेत.

बायबल बारकाईने वाचणाऱ्यांना याचं फारसं आश्चर्य वाटू नये. ‘शास्ते’ पुस्तकात बेथलेहेमचा एक तरुण येतो. तो यहूदाच्या, म्हणजे दुसऱ्याच वंशाच्या कुळातला, आणि तरीही लेवी. शमुवेल संदेष्ट्याचा बाप पहिल्या उल्लेखात एफ्राइमी, म्हणजे एफ्राइमाच्या वंशातला आहे. ‘इतिहास’ पुस्तकात तेच घराणं लेवीच्या वंशावळीत जाऊन बसतं. म्हणजे लेवी हा आधी सेवेकऱ्यांचा वर्ग असावा आणि रक्ताचं नातं मागाहून लिहिलं गेलं असावं, ही बऱ्याच अभ्यासकांची शंका मला पटते.

आपल्याकडच्या बेने इस्रायलांत, म्हणजे नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली अशी आठवण सांगणाऱ्या कोकणातल्या शनिवार तेल्यांत (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांत), कोहेन-लेवी घराण्यांची परंपराच नाही. त्यांच्या बाबतीत २०१६ च्या अभ्यासाने संपूर्ण जनुकसंचातल्या खुणा तपासल्या. मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला आणि ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आला, असं त्यातून दिसलं. कोणता वंश, हे त्यातून कळत नाही. कोहेनांच्या बाबतीतही रब्बी वाय गुणसूत्राचा अहवाल मानत नाहीत. बापाने सांगितलं आणि समाजाने मानलं, तर तो कोहेन.