गॅरेजच्या दरवाजाचे वजन मोटार उचलत नाही

'दरवाजा जड चालतो, तेव्हा अधिक अश्वशक्तीची मोटार बसवा' हा सल्ला अमेरिकेत घर घेणाऱ्यांना वर्षानुवर्षे दिला जातो आणि तो चुकीचा आहे. वर सरकणाऱ्या दरवाजाचे वजन मुख्यतः त्याच्या माथ्यावरील दांड्यावर पिळून बसवलेली स्प्रिंग तोलून धरते, आणि म्हणूनच दोन गाड्यांच्या रुंदीचा दरवाजाही अर्ध्या अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे ३७३ वॅटच्या, मोटारीने हलतो. जुनी मोटार असेल तर दरवाजा पूर्ण बंद असताना मोटारीच्या पट्टीला लटकणारी लाल दोरी ओढून तो मोटारीपासून सोडवावा आणि हाताने सावकाश कमरेइतका उचलावा. तोल नीट असेल तर तो तेथेच थांबतो, पण खाली कोसळू लागला तर दोष स्प्रिंगचा असतो आणि मोठी मोटार तो केवळ झाकते. स्प्रिंगमधला ताण जीवघेणा असतो, म्हणून तिला स्वतः हात लावू नये, जाणकार कारागीरच बोलवावा, हे कळकळीने सांगतो. मोटारीपेक्षा जास्त लक्ष दाराच्या दोन्ही बाजूंच्या सेन्सरकडे, म्हणजे वाटेत काही आडवे आले की बंद होणारे दार परत वर पाठवणाऱ्या उपकरणांकडे, द्यावे. अडकण्यापासून संरक्षण देणारी अशी व्यवस्था अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या, दरवाजा चालवणाऱ्या घरगुती यंत्रांना कायद्याने सक्तीची आहे, आणि हे सेन्सर जमिनीपासून सहा इंचांहून उंच लावू नयेत, कारण मग जमिनीवर पडलेले मूल त्यांना दिसतच नाही.